ओहोटीची फेरी

दिवाळीच्या सुटीत अलिबागला निघालेली मंडळी चकलीच्या डब्यापासून सतरंजीपर्यंत सारे आठवणीने घेतात. तिथी तेवढी कुणी पाहत नाही! आणि कुलाबा किल्ला तर भरतीला बेट आणि ओहोटीला चालत जाण्याजोगा.

कोकणातला आडाखा असा: तिथीची पाऊणपट करावी, येईल तो भरतीचा तास. भाऊबीज म्हणजे द्वितीया, तिची पाऊणपट दीड. तेव्हा ओहोटी सकाळी साडेसातच्या सुमारास. अष्टमीला हाच हिशेब दुपारी बाराची ओहोटी दाखवतो; पण त्या सोयीला भुलू नये. ती भांगाची ओहोटी, पाणी हटते थोडेच. उधाण अमावास्या-पुनवेचे, त्या दिवसांत समुद्र चढतो तसाच दूरही जातो. तरी आडाखा तो आडाखाच. भरतीचे कोष्टक पाहावे, कोळ्यांना विचारावे.

भाऊबीजेला उजाडताच वाळूत उतरावे. किल्ल्यात राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेले सिद्धिविनायकाचे देऊळ आहे, आणि भोवती खारा समुद्र असून गोड्या पाण्याचे तळे! मुले तोफांपाशी रेंगाळतील. त्यांना ओढून आणण्याचे काम मामांकडे द्यावे. साडेआठच्या आत किनारा गाठायचा. पाणी मधल्या सखल जागेत गुपचूप शिरते.

मग खाडीचा पूल ओलांडून आक्षीच्या सुरूच्या बनात दुपार काढावी. सुरू मूळचा ऑस्ट्रेलियाकडचा, सावली विरळच. पण वारा छान घुमतो. उन्हे कलली की समुद्र पुन्हा ओसरू लागतो. वाळूवरून नागावपर्यंत चालावे, परतीला एस.टी. आहेच.