ग्रिड आपले, विदा परक्यांची

३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी देशाचे वीजग्रिड लागोपाठ दोनदा कोसळले. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तीन विभागांतील सुमारे ६० कोटी लोकांची वीज गेली. चौकशी समितीच्या अहवालातील एक तपशील मला आजही अस्वस्थ करतो. दोन्ही दिवशी बिना-ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची पारेषण वाहिनी ट्रिप झाली, पण वाहिनीत बिघाड नव्हताच. तिच्यावरचा भार इतका वाढला होता, की संरक्षक रिलेला तो दूर कुठे तरी झालेला बिघाड भासला. रिलेने नेमून दिलेले काम चोख केले आणि त्यातूनच अनर्थाची साखळी सुरू झाली.

या समितीने सायबर हल्ल्याची शक्यता तपासून ती फेटाळली होती. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई अंधारात गेली, त्या वेळी मात्र असा एकमुखी निर्वाळा मिळाला नाही. राज्याच्या गृहमंत्र्यांनी पुढे घातपाताचा संशय बोलून दाखवला, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चुकीकडे बोट दाखवले. हा केवळ राजकीय मतभेद नव्हे. नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर हल्ला आणि बिघाड यांची लक्षणे सारखी दिसू शकतात. ती वेगळी ओळखण्याच्या पद्धती शोधणे, हे आज अभियांत्रिकीच्या संशोधक विद्यार्थ्यांचे काम आहे.

हे विद्यार्थी कशाच्या आधारे शिकतात? वीजयंत्रणेवरील प्रबंधांत न्यू इंग्लंडचे ३९ बिंदूंचे प्रारूप पुन्हा पुन्हा भेटते. अमेरिकेच्या ईशान्य भागातील ग्रिडची ती सुटसुटीत आवृत्ती. पाणीपुरवठ्याच्या नियंत्रणप्रणालीवर काम असेल, तर सिंगापूरमधील एका विद्यापीठाने उभारलेल्या छोट्या जलशुद्धीकरण प्रकल्पाची विदा वापरली जाते. दोन्ही साधने उत्तम आहेत. पण २०१२ मध्ये पाऊस लांबला, उत्तरेकडील राज्यांनी ठरलेल्या वाट्याहून अधिक वीज उचलली आणि ग्रिडवर ताण आला. शेतीपंप, पावसाची ओढ आणि वाट्याची शिस्त न पाळणारी राज्ये न्यू इंग्लंडच्या प्रारूपात कुठून येणार?

प्रश्न पैशाचा नाही. सायबर-भौतिक प्रणालींवरील राष्ट्रीय मोहिमेला २०१८ च्या डिसेंबरात ३,६६० कोटी रुपये मंजूर झाले. कानपूरच्या आयआयटीत वीज आणि पाणी यंत्रणांच्या चाचणी-प्रतिकृतीही उभ्या राहिल्या. अडते ते फायलीपाशी. सरकारी सेवेत मी जे पाहिले ते असे : ‘गोपनीय’ असा शेरा मारणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही, माहिती देणाऱ्याला मात्र आयुष्यभर विचारतात. इतिहासाचा विद्यार्थी अभिलेखागारातील कागद खुले होण्याची अनेक वर्षे वाट पाहू शकतो, कारण त्याच्या विषयातील माणसे कुठे जाणार नसतात. अभियंत्याने तेवढे थांबावे, तर तोवर रिलेच बदललेला असेल.

चालू केंद्रांचे पासवर्ड, नेटवर्कचे नकाशे बाहेर जाऊ नयेत, यात वाद नाही. परंतु २०१२ चा अहवाल घटनेनंतर काही आठवड्यांतच जाहीर झाला, त्यात रिलेंचे वर्तन तपशीलाने मांडलेले होते आणि त्यावर पुढे कितीतरी शोधनिबंध लिहिले गेले. त्या उघडेपणाने ग्रिडचे नुकसान झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

तेव्हा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने बिघाडांच्या नोंदी, ठिकाणांची ओळख पुसून आणि वर्षभराचे अंतर ठेवून, मान्यताप्राप्त संस्थांना देण्याचे बंधन वीज कंपन्यांवर घालावे. नकार द्यायचा तर तो कारणासह, लेखी आणि नावानिशी असावा. शिवाय उपकेंद्रांतून काढलेले जुने रिले व नियंत्रक, आतील माहिती पुसून, महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना द्यावेत. भंगाराच्या लिलावातून त्यांचे जे काही पैसे येतात, त्यावर कोणत्याही कंपनीचा ताळेबंद अवलंबून नाही.