दानधर्म आणि घरधंद्याचें भांडवल

परभणी जिल्ह्यांत दानाची वृत्ति आटली आहे असें कोणी म्हणेल तर तें आम्हांस मान्य नाहीं. गांवोगांवच्या हरिनाम सप्ताहांतील पंगती पाहाव्यात, किंवा शेगांवची पालखी परभणी-गंगाखेडच्या वाटेनें पंढरीस जातांना तिचें होणारें आतिथ्य पाहावें; आमच्या मोंढ्यांतील पेढ्यांचा हात अशा वेळीं आंखडत नाहीं. परंतु ज्याच्या मुखीं आज आपण घांस घालतों त्याच्या हातास उद्यां काम मिळतें काय, हा प्रश्न आम्ही स्वतःस क्वचितच विचारतों. तो विचारावा, एवढ्याचसाठीं हा लेख आहे.

कापूस व सोयाबीन यांवर या जिल्ह्याचा संसार चालतो. एक हंगाम बुडाला कीं कर्जाची गांठ बसते, आणि तींत एखाद्या घरच्या कर्त्या पुरुषानें जीव दिला म्हणजे सगळें ओझें मागें राहिलेल्या बाईच्या डोक्यावर येतें. अशा पात्र ठरणाऱ्या कुटुंबास राज्य सरकार अनेक वर्षें १ लाख रुपये देत आलें आहे. त्यांतील ३० हजार हातीं व ७० हजार ठेवींत, अशी त्याची वांटणी. सन २०१५ मध्यें श्री. नाना पाटेकर व श्री. मकरंद अनासपुरे यांनीं मराठवाड्यांतील अशा विधवांस प्रत्येकीं १५ हजार रुपयांचे धनादेश दिले व त्याच कार्यांतून 'नाम' ही संस्था उभी राहिली. दोन्ही मदती योग्यच होत. तथापि असा पैसा घरीं येण्यापूर्वींच जुनी बाकी, औषधपाणी आणि मुलांच्या शाळेचा खर्च दाराशीं येऊन बसलेला असतो. दुःखाच्या वेळीं दिलेली मदत दुःखांतच खर्च होते. तींतून धंदा उभा राहत नाहीं.

मग धंद्याचें साधन म्हणून कांहीं दाते वस्तु देतात. पण वस्तु कोणती, हें ठरवितो दाता! एका लहान गांवांत दहा शिलाईयंत्रें वांटलीं तर दहा जणींस पुरेल इतकें शिवणकाम आणावयाचें कोठून, याचा विचार समारंभापूर्वीं होत नाहीं. जिला शेळ्यांचें ज्ञान आहे तिच्या दारीं यंत्र येतें, आणि पहिल्या टंचाईंत तें विकलें गेलें म्हणजे 'या लोकांस कांहीं देऊन उपयोग नाहीं' असें म्हणावयास आपण मोकळे होतों!

कर्ज द्यावें, म्हणजे जबाबदारी राहील, असें पुष्कळांचें मत आहे. सन १९५६ पर्यंत आमची राजधानी असलेल्या हैदराबादेंत याची परीक्षा झाली आहे. तेथील १०४ वस्त्यांपैकीं निम्म्या वस्त्यांत लघुकर्जाची सोय प्रथम करून अर्थशास्त्रज्ञांनीं दोहोंची तुलना केली. धंदे थोडे वाढले. परंतु सरासरी घराचें राहणीमान उंचावलें असें दिसलें नाहीं. पुढें सन २०१० मध्यें साप्ताहिक हप्त्यांच्या वसुलीचा जाच इतका वाढला कीं आंध्र सरकारास वटहुकूम काढावा लागला. ज्याच्या घरीं उद्यांचें पीठ नाहीं त्याच्यावर हप्ता लादणें हा उपकार नव्हे.

याच्या उलट अनुभव पश्चिम बंगालचा आहे. तेथें सन २००७ पासून अत्यंत गरीब घरांतील स्त्रियांस त्यांनींच पसंत केलेली गाय, शेळ्या किंवा मालाचें भांडवल मोफत देण्यांत आलें. भांडवल पोटांत जाऊं नये म्हणून कांहीं महिने घरखर्चास थोडी रक्कम दिली, बचत करावयास लाविली, आणि एक मनुष्य नियमानें घरीं जाऊन विचारपूस करीत राहिला. दहा वर्षांनंतरही त्या घरांची मिळकत इतर तशाच घरांपेक्षां अधिक आढळली. ही पद्धति सहा देशांत पारखून सन २०१५ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध झाले. होंडुरास देशांत मात्र दिलेल्या कोंबड्या रोगानें मेल्या व भांडवल बुडालें. म्हणजे पद्धति चांगली असूनही वस्तूची निवड चुकली कीं घात होतो.

आतां कोणी म्हणेल कीं फुकटच्या पैशानें मनुष्य आळशी होतो, आणि 'लिज्जत'चा दाखला देईल. सन १९५९ मध्यें मुंबईच्या गिरगांवांत सात स्त्रियांनीं ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला व देणग्या घ्यावयाच्या नाहींत असा निश्चय केला, हें खरें. ज्यांस कर्ज झेपतें त्यांस कर्जच द्यावें. त्यांत त्यांचा मान आहे. पण त्यांचे पहिले पापड भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यानें घेतले, ही गोष्ट आपण विसरतों. भांडवलाइतकीच त्यांस गिऱ्हाइकाची गरज होती, आणि तें एका दुकानदारानें पुरविलें.

येथेंच आमच्या व्यापारी बंधूंचें खरें काम आहे. परभणी, सेलू, मानवत, जिंतूर व गंगाखेड येथील व्यापाऱ्यांनीं आपल्या वार्षिक दानधर्मांतील एक ठराविक हिस्सा घरधंद्यांच्या भांडवलासाठीं वेगळा काढावा. कुटुंबाची निवड गांवच्या बचतगटाच्या सल्ल्यानें व्हावी. धंदा त्या बाईनें सांगावा. वस्तु तिच्या नांवावर असावी. सहा महिने पोटापुरती तजवीज आणि निदान दोन वर्षें आठवड्यास एक फेरी असावी. मालाचा भाव, वजन, उधारीची मर्यादा व हिशेबाची वही, हें ज्ञान पेढीवर बसणाऱ्या मनुष्याइतकें कोणापाशीं आहे? तें त्यानें शिकवावें, आणि तिची चटणी वा शेवया आपल्या दुकानांत विक्रीस ठेवाव्यात. व्यासपीठ, हार व छायाचित्र यांस मात्र पूर्ण फांटा द्यावा. गरिबीचें प्रदर्शन करून घेतल्याशिवाय मदत मिळूं नये, यापरतें लाजिरवाणें कांहीं नाहीं.

शेवटीं, किती धंदे टिकले व किती बुडाले याचा हिशेब दरवर्षीं जाहीर व्हावा. बुडालेल्यांचा आंकडा लपवूं नये. आपल्या दुकानांत कोणता माल खपला नाहीं हें जो व्यापारी रोज लिहून ठेवतो, त्यानें आपला धर्मादायच तेवढा हिशेबाबाहेर कां ठेवावा? येत्या दिवाळीस चोपड्यांचें पूजन होईल तेव्हां एकेका पेढीनें नव्या वहींत एकेका कुटुंबाचें खातें उघडावें, अशी आमची सूचना आहे. आरंभास तेवढें पुरे.