चॅपेलमध्ये मुले का गात नाहीत?

पहिल्या शुक्रवारची मिस्सा अर्पण करण्यासाठी मध्यंतरी आम्ही एका शाळेच्या चॅपेलमध्ये गेलो होतो. कॅथलिक विद्यार्थी शिस्तीने रांगेत बसले होते. प्रवेशगीताची वेळ झाली आणि ध्वनिवर्धकातून गिटार, ढोल व एका सराईत गायिकेचा स्वर यांचा लोंढा बाहेर पडला. मायक्रोफोनपुढे उभ्या असलेल्या चार मुली त्या ध्वनिमुद्रित स्वरात आपला स्वर मिसळत होत्या. बाकीची मुले हात जोडून गप्प होती. मिस्सा संपल्यावर सातवीतल्या एका मुलाला आम्ही विचारले, “बाळा, तू का गात नव्हतास?” तो निरागसपणे म्हणाला, “फादर, गायचं काम कॉयरचं. आम्ही नुसतं उभं राहायचं असतं.”

त्या मुलाचा काही दोष नाही. त्याला जे शिकवले गेले तेच त्याने सांगितले. दोष आमचा आहे, आणि ‘आमचा’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो आहोत. असे ध्वनिवर्धक आशीर्वादित करणारे हात आम्हा धर्मगुरूंचेच असतात, आणि समारंभाच्या शेवटी “गायन फार सुंदर झाले” म्हणून टाळ्या वाजवायला सांगणारे तोंडही आमचेच असते.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत मुळीच संदिग्ध नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचे संविधान प्रसृत केले. त्यात श्रद्धावंतांच्या सक्रिय सहभागाचा आग्रह आहे व लोकांच्या गायनाला उत्तेजन द्यावे, असेही सांगितले आहे. पुढे ५ मार्च १९६७ रोजी पवित्र संगीताविषयी जी सूचनावली निघाली, तिने लोकांना पूर्णपणे वगळून सगळे गायन गायकवृंदाच्या हाती सोपवण्याची प्रथा नापसंत ठरवली. इतकेच नव्हे, तर लोकांच्या गायनशिक्षणाचा आरंभ प्राथमिक शाळेच्या पहिल्या वर्षांपासूनच व्हावा, असेही तिने बजावले. म्हणजे ज्या शाळेने मुलांना गायला शिकवायचे, तिच्याच चॅपेलमध्ये आज ती गप्प बसायला शिकत आहेत!

यावर काही समर्थने पुढे केली जातात. पहिले असे, की रोमनेच परवानगी दिली आहे. होय, १ नोव्हेंबर १९७३ च्या मुलांच्या मिस्साविषयीच्या निर्देशिकेत महागुरू परिषदेच्या नियमांना अधीन राहून ध्वनिमुद्रित संगीत वापरण्याची मुभा आहे. परंतु हीच निर्देशिका मुलांना संगीताची उपजत ओढ असते म्हणून त्यांच्या मिस्सामध्ये गायनाला मोठे महत्त्व द्यावे, असे सांगते. आणि संगीताने गायनावर कुरघोडी करू नये, असा इशाराही देते. पांगळ्याला कुबडी द्यावी, हे योग्यच. धडधाकट मुलाच्या हाती कुबडी देऊन त्याचे पाय निकामी करण्याची परवानगी कोणी दिली?

दुसरे समर्थन असे, की शाळेत आता संगीत शिक्षक नाही, ऑर्गन वाजवणारे कोणी नाही. ही अडचण खरी आहे. पण १९६७ ची सूचनावली गायनाची जी पायरी प्रथम मानते, ती कोणती? धर्मगुरू आणि लोक यांच्यातील अभिवादने व प्रतिसाद, ‘पवित्र, पवित्र, पवित्र’, प्रभूची प्रार्थना. यांना ना ऑर्गन लागतो, ना वीज. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले व चर्चमध्ये त्याचे पठण होऊ लागले. ते ओवीत रचलेले आहे, आणि ओवीला कंठाखेरीज दुसरे वाद्य लागत नाही. जात्यावर बसणाऱ्या आपल्या आज्यांनी कोणत्या संगीत विद्यालयात शिक्षण घेतले होते?

तिसरे समर्थन आम्हांला सर्वांत घातक वाटते. ते म्हणते, “साध्या गायनाने मुले कंटाळतात.” मुले कंटाळतात ती ऐकण्याला. घरी दूरदर्शनचा पडदा आहे, हाती मोबाइल आहे; ऐकण्या-पाहण्याच्या बाबतीत चॅपेल त्यांच्याशी कधीच स्पर्धा करू शकणार नाही. मात्र त्या दोहोंना जे देता येत नाही, ते चॅपेल देऊ शकते: शेजारच्या मित्राच्या सुरात सूर मिळवून देवापुढे स्वतःच्या तोंडाने गाण्याचा अनुभव.

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीसाठी फादर लेखणी का परजतात? वाचकहो, परवाच आम्ही एका मृताच्या घरी रात्रीच्या प्रार्थनेला गेलो होतो. रोझरी झाली. साठी ओलांडलेल्या दोन भगिनींनी गीत सुरू केले. त्यांना सगळी कडवी तोंडपाठ होती. ओटीवरची तरुण मंडळी खिशातले मोबाइल काढून शब्द शोधू लागली. ते सापडेपर्यंत गीत संपले होते. त्या दोघी गेल्यानंतर आपल्या मृतांसाठी गाणार कोण? त्या घरीही ध्वनिवर्धक आणायचा काय?

आम्ही वाद्यांचे वैरी नाही. १८१८ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ येथे ‘सायलेंट नाइट’ प्रथम गायले गेले, ते एका गिटारच्या साथीने, आणि त्याची चाल रचणारा फ्रान्झ ग्रूबर हा शाळामास्तरच होता. साथ ही साथ म्हणूनच राहावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

म्हणून शाळाचालकांना, शिक्षकांना व पालकांना आमचे सांगणे सरळ आहे. येत्या उपवासकाळात शाळेच्या चॅपेलमधील ध्वनिमुद्रित गाणी बंद ठेवा. तसाही त्या काळात वाद्यांचा वापर, मोजके दिवस सोडल्यास, केवळ गायनाला आधार म्हणून करावा असाच नियम आहे. आठवड्यातून दहा मिनिटे काढून मुलांना एकेक प्रतिसाद शिकवा. गायकवृंदाला वेदीकडे पाठ करून उभे करू नका. त्याला मुलांमध्ये बसवा. पालकांनी सायंप्रार्थनेच्या वेळी एक तरी गीत मुलांबरोबर म्हणावे. आणि आम्ही धर्मगुरूंनी, आवाज कसाही असो, वेदीवरून स्वतः गायला लाजू नये.

पहिले काही शुक्रवार गायन बेसूर होईल. होऊ द्या. दीडशे मुलांचे बेसूर गाणे ही त्यांची प्रार्थना असेल. यंत्राचे सुरेल गाणे कोणाचीच प्रार्थना नसते.