कोयत्याबरोबर आलेली लेकरं



गळीत हंगाम सुरू झाला की बीड-पाथर्डीकडच्या टोळ्या आपल्या भागात येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा आपला हिशेब. त्या हिशेबात न धरलेली लेकरंही सोबत येतात, गावची शाळा अर्ध्यावर टाकून. आईबाप भल्या पहाटे तोडीला जातात, तेव्हा ७-८ वर्षांची पोर कोपीवर धाकट्याला सांभाळते.

आपली मुलं हे रोज बघतात. आपण त्या पोरांना "ए कोयत्याच्या" म्हटलं, की आपली मुलंही तेच म्हणतात. दुसऱ्याचं मन जपणं पुस्तकातल्या धड्यानं येत नाही. ते मोठ्यांच्या बोलण्यातून मुलांत उतरतं. लागण जशी, तसा खोडवा, हे तुम्हाला मी सांगायला नको.

घरच्या मुलानं कुणाला चिडवलं तर त्याला मारू नका. "तुला असं म्हटलं तर कसं वाटेल?" एवढं विचारा अन् त्याला उत्तर देऊ द्या.

आणि यंदा टोळी उतरली की पहिल्याच दिवशी लेकरांची नावं विचारून घ्या. आपल्या मुलांदेखत विचारा.

— ऊस विकास अधिकारी