इंग्रजीच्या तासाला नवरोज का नको?



इंग्रजीच्या वर्गात संस्कृती नको, नुसती भाषा शिकवा, असा सल्ला आपल्या अंकातील लेखाने इराकी कुर्दिस्तानचा दाखला देऊन दिला आहे. तो पटत नाही. दुकानात विनंती कशी करायची, वडीलधाऱ्यांना नकार कसा द्यायचा, एवढे शिकवले तरी संस्कृती आलीच.

लेखकाची धास्ती मात्र अगदीच निराधार नाही. 1991 नंतर तिथल्या शाळा कुर्दीतून चालू लागल्या, अरबी मागे पडली. अरबी जेमतेम येणाऱ्या नव्या पिढीला बाहेरच्या जगाशी बोलायला उरली ती मुख्यतः इंग्रजी. तिच्यासोबत फक्त लंडनची बस आणि नाताळचे झाड येणार असेल, तर पालक कुरकुरणारच. पण म्हणून पुस्तकाला कात्री लावायची?

खोट आहे ती विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत. लंडनमधून कोणती नदी वाहते, याचे उत्तर पुस्तकात असते. मूल ते वाचून दाखवते आणि खाली बसते. त्याऐवजी विचारा : नवरोजच्या, म्हणजे कुर्दी नववर्षाच्या, आदल्या संध्याकाळी अक्रे गावाच्या डोंगरावर मशाली घेऊन चढतात, तुझ्या घरातले कोण गेले होते? आता उत्तर फक्त त्या मुलाकडे आहे. ते शब्द शोधेल, अडखळेल, वाक्य मोडून पुन्हा जुळवेल. नवरोजच्या दंतकथेतल्या कावा लोहाराने जुलमी राजाला कसे संपवले, हे एकाने इंग्रजीत सांगायला घेतले, की ‘आमची आजी असं सांगत नाही’ म्हणत दुसरा उठेल. भूतकाळाचा याहून चांगला सराव मला तरी माहीत नाही.

इराकी कुर्दिस्तानातल्या हलब्जा शहराचे काय, असे कुणी विचारेल. 16 मार्च 1988 च्या रासायनिक हल्ल्यात तिथे सुमारे 5,000 माणसे मेली. हा विषय वर्गात यावा, पण रिकाम्या जागा भरण्यासाठी नव्हे. ज्याला लिहावेसे वाटेल त्याने लिहावे. बाकीच्यांना गप्प राहू द्यावे.

तुर्कस्तानातील कुर्दांना हे सारे इतके सोपे नाही. तिथल्या राज्यघटनेचे 42 वे कलम तुर्कीखेरीज कोणतीही भाषा मातृभाषा म्हणून शिकवू देत नाही. दियारबकरमधले कुर्दी मूल इंग्रजी शिकते तेही तुर्कीच्या आधाराने. तिथे घरच्या चालीरीतींबद्दल विचारायला शिक्षकाकडेही धीर हवा.

परकी संस्कृतीही शिकवावीच, पण एकट्या ब्रिटनचीच कशाला? इराकी कुर्दिस्तानातल्या एर्बिलच्या हॉटेलांत किंवा बांधकामांवर इंग्रजीत बोलणारा माणूस फिलिपिनो असू शकतो, नेपाळी किंवा आपल्याकडचाही असू शकतो. त्याच्याशी कसे बोलावे, हे कोण शिकवणार?

बारावीच्या सरकारी परीक्षेवर इराकी कुर्दिस्तानात विद्यापीठाचा प्रवेश ठरतो, आणि परीक्षेला जे येत नाही ते शिक्षक गाळतात. स्वतःच्या गावाबद्दल चार वाक्ये इंग्रजीत बोलण्याला आधी त्या परीक्षेत गुण द्यावेत. पुस्तके त्यानंतर बदलता येतील.

– एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका, सातारा