सील न फोडलेली पेटी

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. सिगार तब्येतीला वाईट, खिशाला त्याहून वाईट, आणि "चांगला इंजिनिअर माणूस तू, तुला हे कुठलं खूळ?" हे घरच्यांचं मत मला तोंडपाठ आहे. त्यावर आज वाद नाही. आजचा वाद सिगार ओढणाऱ्यांशीही नाही. न ओढता जमवणाऱ्यांशी आहे.

आपल्यासारख्यांत, म्हणजे ऑनसाइटला जाऊन चार पैसे गाठीला लागलेल्या मंडळींत, क्यूबन सिगारच्या जुन्या पेट्या घ्यायची हौस शिरली आहे. ९५ ची पार्तागास, ९८ ची बोलिवार... पेटी जितकी जुनी तितकी भारी, आणि सील शाबूत असेल तर विचारूच नका. घ्यायची, ठेवायची, पाच वर्षांनी दामदुप्पट. या सगळ्या हिशोबात कोणीच सिगार ओढत नाही, हे लक्षात आलं का?

मुरणं ही खरी गोष्ट आहे, ते मी नाकारत नाही. आपल्याला लोणच्यामुळे हा शब्द तरी आहे. क्यूबात पानं वाळवतात, आंबवतात, मग विडी वळावी तशी हाताने सिगार वळतात. पण आंबण्याची क्रिया वळल्यावरही हळूहळू चालूच राहते. ताज्या सिगारला अमोनियाचा वास येतो, तो महिन्या-वर्षांत उडून जातो. नंतर कडवटपणा उतरतो, चव गोलसर होते. पार्तागास किंवा बोलिवारसारखा दणकट माल दहा वर्षांत छान निवळतो. ओयो दे मोन्तेरेसारखा मुळातच सौम्य माल तेवढ्याच काळात नुसता फिका पडू शकतो. म्हणजे वय वाढलं की चव वाढते असा काही नियम नाही. लोणचंही एका हद्दीपर्यंतच मुरतं, पुढे ते फक्त जुनं होतं.

आणि हे सगळं केव्हा? तर पेटी सतत ६५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेत आणि १८ अंशांच्या आसपास तापमानात राहिली तर. एक उन्हाळा पंचविशीच्या बराच वर गेला, की तंबाखूतल्या किड्याची अंडी उबतात आणि सिगारला टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडतात. एकदा कोरडी पडून तेलं उडाली, की नंतर कितीही ओल द्या, ती परत येत नाहीत.

आता पेटीवर काय लिहिलेलं असतं ते बघा. १९८५ पासून पेटीच्या बुडावर कारखान्याचा आणि तारखेचा कोड येतो. नव्वदच्या दशकात तो चक्क एनक्रिप्टेड असायचा! 'निवेलाकुसो' (एन-आय-व्ही-ई-एल-ए-सी-यू-एस-ओ) ही दहा अक्षरं म्हणजे एक ते नऊ आणि शेवटी शून्य. ओ-ए-एस-एल म्हणजे ०६-९५, जून १९९५. (कॉलेजच्या पहिल्या वर्षाची असाइनमेंट. पण मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी अर्धा शनिवार फोटोंतले कोड सोडवत बसलो होतो.) २००० पासून सरळ स्पॅनिश महिना आणि वर्ष येतं.

पण ही तारीख पेटी भरल्याची. त्यानंतर ती कुठल्या गोदामात पडली, कोणाच्या गाडीच्या डिकीत तापली, कितीदा मालक बदलले, यातलं एक अक्षर त्यावर नाही. लॉग फाइलमध्ये पहिली ओळ आहे आणि पुढची पंचवीस वर्षं कोरी. असा लॉग दाखवून कोणी "सर्व्हर कधीच बंद पडला नाही" म्हणालं तर तुम्ही मान्य कराल का? मग इथे महिन्याचा पगार का मोजता?

त्यातही गंमत म्हणजे काही वर्षं मुळातच नाठाळ आहेत. नव्वदच्या शेवटी मागणी उसळली, क्यूबाने उत्पादन रेटलं, आणि १९९९-२००० च्या सुमाराच्या बऱ्याच सिगार इतक्या गच्च वळल्या गेल्या की झुरकाच येत नाही. पुढे कारखान्यांत झुरका तपासायची यंत्रं आली ती याच रडगाण्यामुळे. गच्च वळलेली सिगार वीस वर्षं ठेवली तर काय होतं? वीस वर्षं जुनी गच्च सिगार होते.

मागे युरोपातल्या एका दुकानात अशीच एक पेटी पाहिली. म्हटलं, उघडून एक विकत देता का? आवडली तर उरलेली पेटी याच भावाने नेतो. दुकानदार असा चमकला की जणू मी त्याच्या आजीची अंगठी वितळवायला मागितली. "सील फुटलं तर किंमत उतरेल." झालं! म्हणजे किंमत आतल्या तंबाखूची नाहीच, ती आहे कोणी चाखून न पाहिल्याची. वय विकतोय असं सांगून हे लोक फक्त तारीख विकतायत.

याची झळ बसते ती साध्या ओढणाऱ्याला. २०२२ मध्ये हबानोस कंपनीने कोहिबा आणि त्रिनिदादच्या किमती जगभर हाँगकाँगच्या पातळीला नेल्या. कित्येक ठिकाणी भाव दुपटीच्या वर गेले. त्याच सप्टेंबरात इयान वादळाने पिनार देल रिओमधली पानं वाळवायची हजारो कोठारं झोपवली. माल कमी, भाव चढे, आणि ज्यांनी पेट्या दडवल्या त्यांची दिवाळी. कंपनीचंही काही बिघडलं नाही. २०२३ ची विक्री ७२.१ कोटी डॉलर, २०२४ ची ८२.७ कोटी. ज्याने ती पानं वळली त्या कारागिराने सिगार बंद कपाटासाठी वळली होती का, हे मात्र कोणी विचारत नाही.

"मग क्यूबात बनलेल्या दाविदॉफ? १९९१ नंतर त्या बनल्याच नाहीत!" मान्य. जे पुन्हा बनणारच नाही ते जुनंच घ्यावं लागतं. पण ते घेऊन ओढणारा मला अजून भेटलेला नाही. भेटतात ते फोटो पाठवणारे.

मुरलेली सिगार हवी असेल तर ताजी पेटी घ्या, अधिकृत दुकानातून, पंचवीसची. घरी हायग्रोमीटर लावा (पुण्याच्या एप्रिलमध्ये लाकडी डबा एकटा पुरत नाही, छोटा वाइन कूलर बघा). पहिली लगेच ओढा, मग दर सहा महिन्यांनी एक, आणि दोन ओळी लिहून ठेवा. आठव्या-नवव्या सिगारपर्यंत तुम्हाला त्या पेटीबद्दल जे कळलेलं असेल ते कुठल्याही लिलावाच्या कॅटलॉगमध्ये नसतं. आणि जुनीच घ्यायची असेल तर आधी उघडायला सांगा. नाही म्हणाला तर तिथून निघा, शेजारी कॉफी चांगली मिळते.