‘पुलेशु’ ते ‘एचबीडी’ : शॉर्टकटची भाषा कुठून आली आणि कुठे गेली?



मोबाईलमुळे मुलांचं शुद्धलेखन बिघडलं, हे वाक्य आपण शिक्षक गेली वीस वर्षं बोलत आलोय. पण ज्या शॉर्टकट भाषेला आपण नावं ठेवायचो, ती आज कुठे आहे? आपल्या वर्गातल्या चौथीच्या मुलांना ‘जी-आर आणि पुढे ८ चा आकडा’ म्हणजे ‘ग्रेट’ हे सांगावं लागतं. ती भाषा आली, गाजली आणि ओसरली. ती का आली हे समजून घेतलं तर आज नेमकी काळजी कशाची करायची हे कळेल, असं मला वाटतं.

संक्षेप आपल्याला नवे नाहीत

आपल्या आजोबांची पत्रं काढून बघा. वर ‘कृ. सा. न. वि. वि.’ असं लिहिलेलं सापडेल. म्हणजे ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष’. नावाआधी ‘रा. रा.’, ‘ती.’, ‘चि.’, ‘सौ.’ आहेतच. गिरणगावातल्या चाळींतून कोकणात जाणाऱ्या पत्रांतही हेच असायचं, कारण कार्डावर जागा थोडी आणि मजकूर जास्त. मोडी लिपी तर भरभर लिहिण्यासाठीच वापरली जायची. तिच्यात ऱ्हस्व-दीर्घाचा फरक सहसा पाळत नसत. तारेचे पैसे शब्दांवर लागायचे म्हणून तारही तुटक. सणाच्या तारेला तर ठरावीक आकडा सांगितला की पूर्ण शुभेच्छा पोचायची. ही तारसेवा १५ जुलै २०१३ ला बंद झाली.

इंग्रजीतही तसंच. ‘ओके’ हा शब्द १८३९ साली बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची गंमत म्हणून छापला गेला. त्या काळच्या बाकीच्या गमती विरून गेल्या, हा एक टिकला. ‘ओएमजी’ तर १९१७ साली एका ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात आहे. तेव्हा इंटरनेट कुठे होतं?

१६० आणि ७० चा हिशोब

जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ ला गेला. एका मेसेजची मर्यादा १६० अक्षरं. पण ही मर्यादा रोमन लिपीसाठी. देवनागरीत लिहिलं की तीच मर्यादा ७० वर यायची, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जायचे. ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ एवढ्यालाच २९ जागा लागतात! ‘एचबीडी’ ला तीन. बरं, तेव्हाच्या बहुतेक साध्या फोनवर मराठी नीट दिसायचंही नाही, समोर चौकोन यायचे. म्हणून आपली मराठी रोमन लिपीत गेली. तो शौक नव्हता, अडचण होती.

त्यात बटणांचा प्रश्न. ‘एस’ हे अक्षर हवं तर ७ चं बटण चार वेळा दाबा. सणाच्या दिवशी एसएमएसचा पॅक चालायचा नाही, प्रत्येक मेसेजला वेगळे पैसे. मग स्वर गाळायचे, ‘प्लीज’ चं ‘पी-एल-झेड’ करायचं.

पण सगळंच काही काटकसर नव्हतं हां. हिशोब करून बघा. जुन्या कीपॅडवर ‘ग्रेट’ चं पूर्ण स्पेलिंग लिहायला आठ वेळा बटण दाबावं लागायचं. आणि ८ चा आकडा वापरून लिहिलं तर? तेही आठच! (८ चं बटण दाबून धरायची युक्ती माहीत असेल तर पाच.) म्हणजे थोडं मिरवणंही होतं. आपण या टोळीतले आहोत, मोठ्यांना हे वाचता येत नाही, याची मजा होती. ऑर्कुटवर तर हे फारच दिसायचं. एक अक्षर मोठं, एक लहान, शेवटी उगाच ‘झेड’. तिथे मर्यादेचा त्रास नव्हता, तरी लिहायचे.

मराठीने स्वतः घडवलेले शब्द

याच काळात दुसरीकडे एक छान गोष्ट झाली, जी आपण वर्गात कधी सांगत नाही. ‘मायबोली’ १९९६ साली सुरू झालं, ‘मनोगत’ २००४ साली, ‘मिसळपाव’ २००७ साली. तिथे देवनागरीत लिहायची सोय होती. आणि तिथल्या लोकांनी इंग्रजीची नक्कल न करता आपले संक्षेप तयार केले. ‘पुलेशु’ म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा. ‘पुभाप्र’ म्हणजे पुढील भागाच्या प्रतीक्षेत. ‘हहपुवा’ म्हणजे हसून हसून पुरेवाट. ‘कृहघ्या’ म्हणजे कृपया हलके घ्या. ही ‘कृ. सा. न. वि. वि.’ चीच नातवंडं नाहीत का? लिहिणाऱ्याला पूर्ण वाक्य येत होतं, म्हणून त्याला ते आखडता आलं.

माझ्या मते खरी कसोटी हीच. संक्षेप उलगडून सांगता आला तर ते भाषेचं ज्ञान आहे. उलगडता आला नाही तर ती उणीव आहे.

मग ही भाषा गेली कशी?

शिक्षक ओरडले म्हणून गेली नाही, हे आधी मान्य करूया. कारणं संपली म्हणून गेली. २०११ मध्ये ट्रायने रोजच्या एसएमएसवर मर्यादा घातली, तोपर्यंत लोक व्हॉट्सॲपकडे वळू लागलेच होते. तिथे अक्षरांचा असा हिशोब नव्हता. स्क्रीनवर पूर्ण कीबोर्ड आला, स्पेलिंग आपोआप दुरुस्त होऊ लागलं. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. हसू दाखवायला इमोजी, बाकी सगळ्याला व्हॉइस मेसेज. आता ‘जीएम’ आणि ‘टीसी’ लिहितात ते काका-मामा. मुलं त्यांना हसतात!

पण रोमन लिपी मात्र राहिली

माझा मुद्दा इथे आहे. अडचण संपली, सवय उरली. आज जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये मराठी कीबोर्ड फुकट आहे. तरी पालकांच्या ग्रुपवर ‘उद्या शाळा आहे का’ हे रोमनमध्येच येतं. मूल आईवडिलांचं लिहिलेलं मराठी बघतं ते बहुतेक फोनवरच, आणि तेही रोमनमध्ये.

रोमनमध्ये ‘बी-ए-एल’ लिहिलं तर वाचायचं काय? बळ, बाळ, बल की बाल? ‘एम-ए-एन’ म्हणजे मन, मान, मण की माण? मोठी माणसं संदर्भाने ओळखतात, कारण त्यांच्या डोक्यात ते शब्द आधीपासून आहेत. सात-आठ वर्षांच्या मुलाकडे तो साठा अजून तयार व्हायचाय. आपल्या चिंचपोकळीचंच बघा ना. रोमन स्पेलिंगमधून ‘ळ’ गायब आहे. ज्याने हे नाव फक्त त्या स्पेलिंगमधून वाचलं, तो ‘चिंचपोकली’ म्हणणार. त्याला ‘पोकळी’ हा शब्द त्यात दिसणारच नाही.

काही जण म्हणतात, “सर, निरोप पोचला ना? झालं मग.” परगावच्या पालकांना रोमन सोपं जातं असंही म्हणतात. दक्षिणेकडून आलेल्या काही पालकांपुरतं ते खरं आहे, त्यांच्यासाठी रोमनमध्येही एक ओळ टाकावी. पण हिंदी भाषक पालकांना देवनागरी येतेच की! त्यांना रोमन मराठीपेक्षा देवनागरी मराठीच सोपी जाते.

आणि बोलून टाईप करायची सोय गूगलने २०१७ पासून मराठीलाही दिली आहे. म्हणजे आता मशीन लिहिणार आणि मूल तपासणार. ‘दिन’ की ‘दीन’, ‘पाणी’ की ‘पाणि’ हे ज्याला कळत नाही, तो समोर येईल ते पाठवून देणार. शुद्धलेखनाची गरज कमी झाली नाही, उलट वाढली.

वर्गात काय करता येईल?

१. शाळेच्या ग्रुपवर शिक्षकांनी स्वतः देवनागरीतच लिहावं. सुरुवात आपल्यापासून.

२. ‘उलगडा’ हा खेळ घ्या. फळ्यावर ‘पुलेशु’, ‘चि.’, ‘कृ. सा. न. वि. वि.’ लिहा आणि गटात पूर्ण रूप शोधायला सांगा. मग मुलांनी स्वतःचे संक्षेप तयार करावेत. अट एकच, पूर्ण रूप शुद्ध लिहिता आलं पाहिजे.

३. घरच्यांचा एक रोमन मेसेज परवानगी घेऊन वहीत आणायचा आणि देवनागरीत उतरवायचा. ‘ळ’ आणि ‘ण’ कुठे हरवले ते लाल पेनाने दाखवायचं.

४. गृहपाठ म्हणून आठवड्यातून एकदा मुलाने आईला किंवा बाबांना देवनागरीत एक मेसेज पाठवायचा आणि त्यांनी देवनागरीतच उत्तर द्यायचं.

तुमच्या शाळेतल्या पालकांचा ग्रुप कोणत्या लिपीत चालतो, ते नक्की कळवा. बाकी, पुलेशु!